मदत हवी आहे: साठवलेल्या हळकुंडांना भुंगा लागलाय, काय करू?

हळद_वसमत
सेलम जातीची हळद आहे, साधारण 15 क्विंटल. मार्चमध्ये शिजवून, वाळवून, पॉलिश करून ज्यूटच्या पोत्यांत भरली. भाव पडले म्हणून ठेवून दिली. खोली घराला लागून, वर पत्रा, खाली फरशी. थप्पी भिंतीला टेकलेली आहे. आता पोतं हलवलं की तळाशी पिवळी भुकटी सांडते. हळकुंडांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात, गड्ड्यांना (हळकुंडं ज्यांना फुटतात त्या मूळ कंदांना) जास्त. दिवेलागणीला खिडकीपाशी बारीक तांबूस किडे उडतात. पोत्यांत कडुनिंबाचा पाला घातला होता, फरक नाही. दुकानदार म्हणतो गोळ्या टाका. टाकू का? माल दिवाळीपर्यंत ठेवायचा आहे.

कोठार
गोळ्या टाकू नका. बाकीचं नंतर बोलू, आधी हे पक्कं करा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. पत्र्याच्या फटी आणि सामाईक भिंतीच्या भेगा यांतून तो थेट झोपायच्या खोलीत येतो, आणि त्यावर उतारा नाही. शिवाय तुमची खोली हवाबंद नाही, म्हणजे वायू टिकणार नाही. उडते किडे मरतील, हळकुंडाच्या आतली अंडी आणि कोष वाचतील, महिन्याभरात पुन्हा तेच. धुरी द्यायचीच असेल तर माल घरापासून लांब, गोदामात, जाड ताडपत्रीखाली, परवानाधारक माणसाकडूनच.

कडुनिंबाचा पाला ओला घातला असेल तर काढून टाका. ओल्या पाल्याने पोत्यात दमटपणाच वाढतो.

मसालापीक
आधी किडा ओळखा. 2 ते 3 मिलिमीटर, तांबूस तपकिरी, पाठीला कुबड, डोकं खाली वळलेलं असेल तर तंबाखूवरचा भुंगेरा (लॅसिओडर्मा). भिंग धरून पाठ बघा: गुळगुळीत असेल तर हाच, पंखांवर बारीक उभ्या रेघा असतील तर त्याचा भाऊबंद स्टेगोबियम. दोघांचा इलाज एकच. मात्र किडा थोडा मोठा, राखाडी ठिपक्यांचा आणि हात लावताच उडी मारणारा असेल तर तो ॲरेसेरस. तो दिसला की माल कच्चा वाळलाय असं समजा, कारण त्याला ओलावा जास्त लागतो.

धान्याला कीड लागू नये म्हणून आपण हळद लावतो, आणि या भुंगेऱ्याला खायला हळदच आवडते! उडणारा किडा फारसं काही खात नाही, नुकसान करते ती आतली अळी. म्हणून उडते किडे मारून उपयोग नाही.

गड्ड्यांना जास्त लागण्याचं कारण सरळ आहे. जेठा गड्डा जाड असतो, वरून खणखणीत वाजतो पण गाभा ओलसर राहतो. म्हणून गड्डे आणि हळकुंडं शिजवतानाही वेगळी, वाळवतानाही वेगळी आणि भरतानाही वेगळी ठेवायची.

ओलावा मोजा. 10 टक्क्यांच्या वर नको. मीठ आणि काचेच्या बाटलीची जी युक्ती सांगतात ती धान्यापुरती. मीठ चिकटतं ते साधारण 15 टक्क्यांच्या पुढे, हळदीला तोवर उशीर झालेला असतो. त्यापेक्षा पाऊण बरणी हळकुंडं भरा, आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, झाकण घट्ट लावून रात्रभर सावलीत ठेवा. आकडा 65 च्या आत हवा. थप्पीच्या तळातली आणि भिंतीकडची हळकुंडं घ्या, वरची नकोत.

हळद_वसमत
पाठ गुळगुळीत आहे, कुबडही आहे. बरणीत आकडा: मधल्या पोत्यातलं 63, भिंतीकडचं 74. सध्या ऊन नाही. हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांत लगेच भरू का?

कोठार
63 वाला माल भरा. 74 वाला अजिबात नको, आत बुरशी धरेल.

पिशवी म्हणजे आतली जाड प्लॅस्टिकची थैली, बाहेरून साधं पोतं. हळकुंडाची टोकं थैलीला भोक पाडतात, म्हणून एकात एक दोन थैल्या घ्या आणि तळाशी दुमडलेलं रिकामं बारदान टाका. भरण्याआधी माल चाळणीवर घ्या, भुकटी जाळा किंवा खोल पुरा. गच्च भरा, हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा आणि दोरीने दोनदा बांधा. किडे आतला प्राणवायू संपवून गुदमरतात. निदान महिनाभर उघडायचं नाही. ‘बघू मेले का’ म्हणून आठवड्याने तोंड सोडलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती त्यांचं तत्त्व हेच: जमिनीखाली खड्डा, तोंड मातीने लिंपलेलं, आत हवा नाही. 2005 च्या महापुराने त्यांची वाट लावली.

मसालापीक
थोडं वेगळं मत. वाळलेली हळद स्वतः फारसा श्वास घेत नाही आणि किडे कमी असतील तर प्राणवायू हळू उतरतो. तेवढ्या वेळात हा भुंगेरा प्लॅस्टिक पोखरून बाहेरही येतो. म्हणून आता पिशव्यांत भरा, पण ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की एक उष्णता द्याच.

काळ्या ताडपत्रीवर दोन इंचांचा थर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, कडा दगडांनी दाबलेल्या. थराच्या मधोमध थर्मामीटर खुपसा; 50 अंशांच्या वर निदान चार तास राहिलं पाहिजे. थर जाड केला तर वर चटका आणि तळ कोमट, अळी तळात वाचते. हे फक्त कोरड्या मालाला. 74 वाल्यावर प्लॅस्टिक टाकलंत तर आतून पाणी सुटून ठिबकेल. तो उघडीप मिळेल तशी उघड्यावर वाळवा, तोवर वेगळ्या खोलीत पातळ पसरून पंखा लावा. रोज उन्हात मात्र टाकू नका, पॉलिश केलेल्या हळदीचा रंग उडतो.

कोठार
मान्य. खोलीचं राहिलं: माल हलवला की फटी सिमेंटने बुजवा, चुना मारा, जुनी पोती उकळत्या पाण्यात घालून कडक वाळवा. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. फेरोमोन सापळा (मादीच्या वासाने किडे ओढणारा) एक लावा, पण तो फक्त नर धरतो. कीड किती आहे हे कळायला, संपवायला नाही.

दिवाळीपर्यंत थांबण्याचं कारण फक्त भाव असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. हळद त्यात बसते. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, 180 दिवसांसाठी, 6 टक्के व्याजाने मिळतं आणि माल गोदामात राहतो. तुमच्या समितीत योजना चालू आहे का ते आधी विचारा.

हळद_वसमत
भोकं पडलेली हळकुंडं दळून घरी वापरू का?

मसालापीक
नको. आत अळी, तिने टाकलेली कात आणि विष्ठा असते, दळल्यावर दिसत नाही एवढंच. पुढच्या साली लावायला बेणं ठेवलं असेल तर ते मात्र या पिशव्यांत भरू नका. ते जिवंत असतं, हवा लागते, नाहीतर सडेल.