पार्किंगमधलं तेल

अण्णा (१०१): पार्किंगमध्ये काळं तेल कुणी सांडलंय? जांभ्याच्या चिऱ्यांत मुरलं की जन्मात निघणार नाही. ओघळ विहिरीकडे चाललाय.

ताई (३०२): जिन्यावर तेलाचे ठसे आहेत. सासूबाई घसरता घसरता वाचल्या. कोण पुसणार?

दादा (२०४): सॉरी अण्णा, मीच. गाडीचं ऑइल बदलत होतो. व्हिडिओत वीस मिनिटांचं काम दाखवलं होतं.

बंड्या (१०३): दोन मिनिटांत आटपलं की! तीन लिटर इंजिनात, तीन लिटर चिऱ्यांत 😂

नाना (२०१): जुना फिल्टर काढलास तेव्हा त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का?

दादा (२०४): बघितलं नाही नाना.

नाना (२०१): मग ती इंजिनलाच चिकटून राहिली, आणि वर तू नवा फिल्टर नव्या रिंगेसकट आवळलास. बंद गाडीत काही कळत नाही. चालू केली की पंपाचा दाब येतो, रिंग सटकते, तेल बाहेर. एसटीच्या डेपोत नवी पोरं हेच करायची. लाल दिवा लागल्यावर किती चालवलीस?

दादा (२०४): गेटपर्यंत. वाटलं सेन्सर बिघडला असेल.

नाना (२०१): सेन्सर! अरे, बेअरिंगं कोरडी फिरली. आता चावीला हात लावू नको. दोन्ही रिंगा काढून, तेल भरून मगच चालू करू. खटखट ऐकू आली तर इंजिन खोलायची तयारी ठेव.

ताई (३०२): जिन्यावरचे ठसे कोण पुसणार?

काका (३०१, डोंबिवली): चतुर्थीला येतोय. गाडी आमच्या जागेत तर नाही ना?

दादा (२०४): काका, तुमची जागा ११ महिने रिकामीच असते.

काका (३०१, डोंबिवली): मेंटेनन्स १२ महिन्यांचा भरतो.

भाऊ (१०४): उरलेला त्याल टाकू नको रे झिला, माका दी. कुडाळाक गोठ्याच्या वाश्यांक वाळवी लागली हा.

सेक्रेटरी: कृपया सौजन्य राखावे. वॉचमनला पाणी मारायला सांगितले आहे.

नाना (२०१): पाणी?? तेल पाण्यावर तरंगत पुढे जाणार. आधी भुसा टाकायचा असतो, साहेब.

अण्णा (१०१): गेलं विहिरीत! २०२१ च्या पुरानंतर ती उपसताना खाली कोण उतरलं होतं? मी. तेव्हा सेक्रेटरी पुण्यात होते.

सेक्रेटरी: तो विषय सभेत झालेला आहे.

अण्णा (१०१): झालेला नाही. चहा झाला होता.

दादा (२०४): वखारीतून दोन पोती भुसा आणलाय. कठड्याशी बांध घातलाय, विहिरीत गेलेलं नाही. अण्णा, खाली येऊन बघता का?

अण्णा (१०१): येतो. बॅटरी घेऊन येतो.

ताई (३०२): भुसा ठीक. जिन्यावरचे ठसे कोण पुसणार?

बंड्या (१०३): ताई, आत्ता मोबाईलच्या उजेडात ठसे बघत वर आलो. लेडीज चपलेचे आहेत. तुमच्या दारात संपतात.

ताई (३०२): 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: उद्या पाणी सकाळी ६ ते ७.