माळ्यावर ५० वर्षं जुनी रॉकेट इंजिनं सापडलीत, उडवावीत का? (मदत हवी आहे)

माळ्यावरचा_उंदीर:
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतला मामाचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, त्यामुळे गेले दोन रविवार माळा रिकामा करणं चाललंय. तांब्याचा बंब, दिवाळी अंकांचे गठ्ठे, एक फुटकी सतार आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात खाकी कागदात गुंडाळलेली अकरा रॉकेट इंजिनं! दिवाळीतली नाहीत हो. मामा १९७२ ते ७५ कोलोरॅडोला शिकायला होता, तिथे पेनरोझला एस्टेस कंपनी आहे, तिची मॉडेल रॉकेटची इंजिनं. इकडे कशी आणली विचारलं तर नुसता हसतो.

मोजून बघितली, १८ मिमी जाड, ७० मिमी लांब कागदी नळी, एका टोकाला मातीचं बारीक भोक. दिसायला नवीकोरी आहेत, छपाईसुद्धा उडालेली नाही. बहुतेकांवर हिरव्या अक्षरात बी ६-४ आणि सी ६-५, एकावर लाल अक्षरात सी ६-०, आणि दोन जरा वेगळी आहेत, त्यांवर बी .८-४ असं मधे टिंब आहे.

आता प्रॉब्लेम असा की पुढच्या महिन्यात मामाची पंच्याहत्तरी आहे आणि त्याने डिक्लेअर केलंय की तळजाईच्या टेकडीवर जाऊन एक तरी उडवणार. बाल्साच्या पंखांचं रॉकेटपण निघालंय, एक पंख उंदराने खाल्लाय तेवढाच (मी नव्हे). पेटवायच्या तारा गंजल्यात म्हणून फटाक्याची वात लावू म्हणतो!! एवढी जुनी इंजिनं चालतात का, बाहेरून चेक करता येतं का, नाहीतर नुसती जपून ठेवायची असतील तर कशी ठेवायची, आणि मुळात घरात ठेवलेली चालतात का?

अर्धी_मिसळ:
ऐवज आहे राव. आकड्यांचं सांगतो. अक्षर म्हणजे एकूण जोर, पुढचं अक्षर मागच्याच्या दुप्पट, सी म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. नंतरचा ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन थ्रस्ट, म्हणजे ढकलायचं बळ, आणि शेवटचा ५ म्हणजे इंधन संपल्यावर पाच सेकंदांनी पुढची छोटी दारू उडते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. लाल अक्षरवालं सी ६-० हे खालच्या टप्प्याचं, त्यात ती थांबायची दारू नसतेच, जळत जळत थेट वरचं इंजिन पेटवतं. ते एकटं लावलं तर पॅराशूट विसरा.

टिंबवाली दोन सगळ्यात जुनी. आधी थ्रस्ट पाउंडात लिहायचे, .८ म्हणजे ०.८ पाउंड, साधारण साडेतीन न्यूटन. मामा तिकडे शिकायला गेला तेव्हासुद्धा ती जुना माल असणार. जमवणारे अशाच्या मागे असतात, आणि सीलबंद पाकीट असेल तर आणखी. पाकिटं आहेत का?

माळ्यावरचा_उंदीर:
दोन पाकिटं आहेत पण फोडलेली, आत माहितीचा कागद आहे. कॅटलॉगपण आहे एक, कोपरे कुरतडलेले.

पाषाण_रिटायर्ड:
मी पाषाणला घन इंधनावरच नोकरी केली म्हणून जरा लांबण लावतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास काय शंभर वर्षंही पेटते. टिकत नाही ती तिची नळीशी असलेली पकड. या इंजिनात दारू दाबून ठोकळा केलेला असतो आणि तो उदबत्तीसारखा एका टोकाकडून जळत जायला हवा. तुमचा डबा होता कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर. मे महिन्यात तिथे भट्टी, डिसेंबरात पहाटे गारठा, मधे चार महिने दमट हवा, असे पन्नास फेरे. ठोकळा आणि कागद सारखे फुगत-आक्रसत नाहीत, मधे केसाएवढी फट पडते, नाहीतर ठोकळ्यालाच चीर जाते. पेटवल्यावर आग त्या फटीतून बाजूने आत शिरते, एकदम मोठा पृष्ठभाग जळायला लागतो, आतला दाब वाढतो आणि कागदी नळी फाटते. किंवा मातीचं तोंड उडतं, किंवा आग पुढच्या बाजूने रॉकेटमध्ये घुसते.

बाहेरून कळतं का, तर नाही. आमच्याकडे एक्स-रे काढायचे. हलवून, वाजवून बघू नका, पडून आपटलं तरी चीर जाते. आणि वात तर अजिबात नाही. हे विजेच्या तारेनेच, निदान १५ फुटांवरून पेटवायचं असतं, आणि नाही पेटलं तर मिनिटभर जवळसुद्धा जायचं नाही. वातीने माणूस नको तेव्हा जवळ असतो.

बाणेर_ते_बोस्टन:
+१. तिकडे असताना कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून जुनं डी १२ घेतलं होतं, मुलाच्या हट्टापायी. बटण दाबलं, फट् असा आवाज, आणि रॉकेटची नळी केळं सोलल्यासारखी चार पट्ट्यांत उघडली. पॅडपासून लांब होतो म्हणून हसलो. तिकडचे हौशी लोक याला केटो म्हणतात. मुलगा तेव्हापासून शेतातच नको म्हणायचा.

कात्रजचा_घाट:
तळजाईवर वाळलेलं गवत असतं हे मामांना कोणीतरी सांगा, दर उन्हाळ्यात टेकड्यांवर वणवे लागतात तेवढे पुरेत. आणि वर लोहगावचा विमानतळ, इकडे एनडीए, रॉकेट उडवायला पुण्याएवढं गैरसोयीचं गाव नसेल.
कायद्याचं म्हणाल तर गन पावडर १८८४ च्या एक्सप्लोझिव्ह अॅक्टात नावानिशी आहे, वर २००८ चे नियम, आणि ते बघणाऱ्या पेसो या सरकारी खात्याचं मुख्य ऑफिस नागपूरला. म्हणजे टिंबवाली दोन विकू, कुरिअर करू असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. पोस्टात किंवा विमानातही चालत नाही. आणि जुन्या बाजारात तर नेऊच नका कृपया, रविवारची गर्दी बघितलीये का.

माळ्यावरचा_उंदीर:
विकायचा विचार एक सेकंद आला होता, गेला. मग करू काय? नव्या फ्लॅटमध्ये मामी ठेवू देणार नाही, ती आधीच डबा जिन्यात ठेवून बसलीये.

पाषाण_रिटायर्ड:
डबा आधी जिन्यातून हलवा, समोर देवघर नाही ना? बादलीभर पाणी घ्या, सगळी बुडवा, वर ताटली ठेवून दोनेक दिवस सोडा. कागद सुटतो, माती विरघळते, दारूचा चिखल होतो. सोरा पाण्यात विरघळला की उरतो तो नुसता गंधक-कोळसा. सुक्या कचऱ्यात फेकू नका आणि फोडून आतलं काढत तर बसूच नका.

अर्धी_मिसळ:
बुडवायच्या आधी प्रत्येकाचा छपाई दिसेल असा फोटो काढा. पाकिटं, कागद, कॅटलॉग ठेवा, त्यात दारू नाही आणि जमवणाऱ्याला तेही तेवढंच प्यारं असतं. मामांना उडवायचंच असेल तर कोल्ड्रिंकची बाटली, अर्धी पाण्याने भरा आणि सायकलचा पंप. पंख उरलेत ना तीन?

माळ्यावरचा_उंदीर:
अपडेट. काल बादलीत टाकली. मामाने बुडवायच्या आधी एकेक इंजिन नाकाला लावून हुंगलं आणि म्हणाला अजून वास येतोय, मग टिंबवालं शेवटचं बराच वेळ हातातच धरून बसला, मामीनेच काढून घेतलं. आज सकाळी बघितलं तर खाकी कागदाच्या सळ्या तरंगतायत आणि तळाशी काजळीसारखा गाळ. बाटलीच्या रॉकेटला पंख चिकटवायला मामाने फेविकॉल मागवलाय, पंच्याहत्तरीला शाळेच्या ग्राउंडवर जायचं ठरलंय.
आता शेवटचा प्रश्न, मामी विचारतेय की सोरा म्हणजे खतच ना, मग हे पाणी कुंड्यांना घालू का?

पाषाण_रिटायर्ड:
एवढं तीव्र पाणी कुंडीत घातलं तर मुळं करपतील. भरपूर पाणी मिसळून मोकळ्या मातीत ओता. तुळशीला तर नकोच.

माळ्यावरचा_उंदीर:
उशीर झाला. जास्वंदीला एक तांब्या गेलाय.