गेम खेळताना कंपोझिटर बंद करता आलाच पाहिजे

फ्रेमवेडा (धागाकर्ता)
लिनक्सच्या जुन्या एक्स११ डिस्प्ले यंत्रणेवर केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्या कित्येकांना गेम सुरू करण्याआधी ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ दाबून कंपोझिटर बंद करायची सवय आहे. सावल्या, पारदर्शकपणा सगळं क्षणात बंद. वेलँड या नव्या यंत्रणेवर ही सोय नाही आणि "आता गरजच नाही" म्हणून विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही. कंपोझिटर प्रत्येक खिडकीचं चित्र आधी बाजूला घेतो, मग सगळी एकत्र करून पडदा रंगवतो. म्हणजे गेमची तयार फ्रेम जीपीयूने (ग्राफिक्स चिपने) पुन्हा वाचायची आणि पुन्हा लिहायची. फोर-केची एक फ्रेम साधारण ३३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर वाचन-लेखन मिळून ४ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड हे सहज पेलतं. पण जीपीयू साधी रॅमच वापरत असेल आणि डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल, तर सेकंदाची सगळी क्षमताच २५.६ जीबी!

उघडी_खिडकी
अशा लॅपटॉपवर फोर-केमध्ये गेम कोण खेळतं? १०८०पी ला तुमचाच हिशेब १ जीबीवर येतो. आणि मुळात फ्रेमची ही नक्कल होतेच असं नाही. गेम फुलस्क्रीन असला की केविन (केडीईचा कंपोझिटर) किंवा मटर (ग्नोम डेस्कटॉपचा) त्याचा बफर, म्हणजे तयार फ्रेम असलेली मेमरी, थेट डिस्प्लेकडे देऊ शकतात, मधलं रंगकाम गाळून. वेलँडमध्ये कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर आहे, तो बंद केला तर पडद्यावर काहीच उरणार नाही. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्रावर गेम चालतात ते गेमस्कोपमधून, आणि गेमस्कोप हा कंपोझिटरच आहे.

फ्रेमवेडा
"देऊ शकतात" यातच सगळी मेख आहे. बफरचा आकार आणि फॉरमॅट डिस्प्लेला चालला पाहिजे, वर दुसरं काही नको. आवाज वाढवल्यावर पडद्यावर छोटी पट्टी येते ना, तेवढ्यानेही थेट मार्ग तुटतो आणि नक्कल पुन्हा सुरू होते. काही यंत्रांवर त्या क्षणी गेम अडखळलेला स्पष्ट दिसतो. एक्स११ वर तर मार्ग बदलताना पडदा लुकलुकतो.

पट्टीवाला
मी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरतो. सेटिंगमधली एक खूण काढली की कंपोझिटर गेला, विषय संपला. जुन्या यंत्रांवर आजही हाच सरळ उपाय आहे.

उघडी_खिडकी
आणि सोबत टिअरिंग (चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसणं) आलं, ते नाही सांगितलंत. धागाकर्त्यांना खरा त्रास व्हीसिंकच्या, म्हणजे पडदा पुढच्यांदा रंगेपर्यंत फ्रेमने वाट पाहण्याचा असेल, तर ६० हर्ट्झला ती जास्तीत जास्त १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९. त्यासाठी वेलँडमध्ये २०२२ साली टिअरिंग-कंट्रोल प्रोटोकॉल आला. फ्रेम लगेच दाखव, फाटली तरी चालेल, असं गेम सांगू शकतो. प्रत्येक कंपोझिटरने तो नीट पाळावा, ही मागणी करा. मी पहिला पाठिंबा देईन. बंद करायचं बटण मागून काय मिळणार? मँगोहड (गेमवर आकडे दाखवणारं साधन) लावून फ्रेमटाइमचा (दोन फ्रेममधल्या वेळेचा) आलेख बघा, चांगल्या कार्डावर फरक शोधावा लागेल.

फ्रेमवेडा
प्रोटोकॉलची मागणी मान्य, माझी सही धरा. मँगोहडचा दाखला मात्र इथे लागू नाही. तो गेम फ्रेम किती वेळाने सोडतो ते मोजतो. माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ त्या आलेखात येतच नाही, आणि कंपोझिटरचा उशीर नेमका गेमने फ्रेम सोडल्यानंतरचा आहे.