मेमधले सोळा दिवस गुहागरात: रातांबे, हापूस आणि परस

मु.पो. ठाणे

जाणकारांनो, 12 ते 27 मे गुहागर तालुक्यातल्या घरी मुक्काम आहे. समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत, जांभ्या कातळाला लागून आवार. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन मोठी झाडं आहेत. एक लगडतं, दुसऱ्याला फुलं येतात पण फळ एकही नाही. हापूसचं एक जुनं कलम, चार माड, बाकी जागा मोकळी. विहिरीला पाणी आहे पण बेताचं, पंप जेमतेम अर्धा तास चालतो.

आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सरबत तिन्ही घरीच करायचं आहे. मीठ-साखरेचं प्रमाण कुणी नीट वजनात सांगेल का? "अंदाजे" ऐकून कंटाळा आलाय. हापूस तिथंच आढीत (पेंढ्यात पिकायला) घालावा की कच्चा घेऊन यावा? बिनफळाचा रातांबा तोडून टाकावा का? पावसाआधी परसात आत्ताच करून ठेवण्यासारखं काय? आणि दोन-तीन दिवस आसपास फिरायचं आहे, गाडी सोबत आहे.

आंबटशौकीन

सगळ्यात आधी रातांबे. आंबा सावलीतही पिकतो, आमसुलाला मात्र सलग सहा-सात दिवसांचं कडक ऊन लागतं, आणि 20 मेनंतर वळीव कधी येऊन टपकेल ते सांगता येत नाही. 13 तारखेलाच फळं काढा. पूर्ण लाल-जांभळी पण हाताला घट्ट लागणारी घ्या. खाली पडून मऊ झालेली आमसुलात घातली की सालं काळी-तपकिरी होतात आणि बुरशी लवकर धरतात. ती बियांसाठी बाजूला ठेवा.

फळाच्या वजनात साल साधारण निम्मी धरा. 20 किलो रातांबे निघाले तर 12 किलो आमसुलाला, 4 आगळाला, 4 सरबताला.

आमसुलं: फळं धुऊन पुसून घ्या, आडवी चिरून दोन वाट्या करा. गर आणि बिया वेगळ्या भांड्यात काढा. 12 किलो फळांची 6 किलो साल मिळेल. तिच्या दहा टक्के, म्हणजे 600 ग्रॅम जाडं मीठ त्या गरात कालवा. दोन-तीन तासांत रस सुटतो, तो गाळा. सालं पहिला दिवस नुसती उन्हात. संध्याकाळी रसात बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हेच पूट देणं. चार-पाच पुटं झाली की साल गर्द काळी-लाल, चामट आणि किंचित चकचकीत होते. पुटं न देता नुसतं वाळवलं तरी आमसूल होतं, पण रंग उतरतो आणि आमटीत दुप्पट घालावं लागतं. 6 किलो सालीचं सव्वा ते पावणेदोन किलो हाती लागेल. तट्ट्यावर (बांबूच्या चटईवर) पसरा, पत्र्यावर नको.

आगळ: 2 किलो सालीला 320 ग्रॅम मीठ, म्हणजे शंभराला सोळा. चिनीमातीच्या बरणीत सालीचा थर, मिठाचा थर. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीनं खालवर करा. सात-आठ दिवसांनी गाळून काचेच्या बाटलीत भरा.

सरबत, म्हणजे अमृतकोकम: 2 किलो सालीला 4 किलो साखर. वाट्यांत साखर भरून बरणीत एकावर एक रचा, उरलेली वरून घाला. तोंडाला फडकं बांधून दिवसा उन्हात, रात्री घरात. आठवड्यात साखर विरघळते. गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड चार चमचे आणि मीठ दोन-तीन चमचे. पिताना एका भागाला पाच-सहा भाग पाणी. साखरेचा आकडा बघून छाती दडपते आणि माणसं निम्मी घालतात. मग तीन आठवड्यांत बाटलीचं बूच उडतं. इथे साखर गोडीपुरती नसते, तीच टिकवते.

ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, पितळ यातलं काहीही आंबटाला लागू देऊ नका. चिनीमाती, काच किंवा खाण्यासाठीचं प्लास्टिक.

झेलेकरी

आंब्याबद्दल. तुमच्या तारखांत तोड दोनदा करा. पहिली 15-16 मेला, ती तिथंच आढीत घाला, 24-25 पर्यंत खायला तयार. दुसरी 23-24 ला, ती कच्चीच ठाण्याला न्या. पण 20 च्या आसपास आभाळ भरून यायला लागलं तर दुसऱ्या तोडीची वाट पाहू नका. पाऊस पडून गेलेल्या फळाला फळमाशी आणि करपा (बुरशीचा रोग) दोन्ही चिकटतात. बाहेरून डाग नसतो, कापल्यावर अळ्या निघतात.

तयार फळ ओळखायचं असं: देठाजवळचे खांदे वर येऊन देठ खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो आणि सालीचा गडद हिरवेपणा फिकटतो. शंका असेल तर बादलीभर पाण्यात टाका. बुडालं तर तयार, तरंगलं तर अजून कोवळं. झाडावर जास्त पिकू देण्याचा मोह टाळा. हापूसमध्ये साका (गरात पांढरट, स्पंजासारखा भाग) होण्याचं एक मोठं कारण तेच. चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळपास पूर्ण) तयार फळ काढून आढीत पिकवलं तर साका कमी निघतो. जमिनीलगतच्या फांद्यांची फळं आधी उतरवा, तापलेल्या कातळाची धग त्यांना लागते.

काढायचं झेल्यानंच (जाळी आणि पातं लावलेल्या काठीनं), सकाळी ऊन चढायच्या आत, बोटाच्या दोन पेरांएवढा देठ ठेवून. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा चट्टा पडतो. तसं झालेलं फळ देठ खाली करून तासभर उपडं ठेवा. आपटलेली फळं वेगळी काढा, ती लोणच्याला.

आढी: हवेशीर खोली, खाली चार बोटं भाताचा पेंढा, त्यावर फळांचा एक थर, पुन्हा पेंढा. घरच्यासाठी तीन थरांवर जाऊ नका, खालच्यांवर भार येतो आणि आत ऊब कोंडते. पेंढा याच वर्षीचा कोरडा हवा. कुबट पेंढ्याचा वास आंब्याला लागतो. दर दोन दिवसांनी उलगडून बघा, नासकं फळ तत्काळ बाहेर. आठ ते दहा दिवस लागतील.

करप्याचा त्रास असेल तर काढलेल्या दिवशीच 52 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवून, गार करून, पुसून मग आढीत. थर्मामीटर नसेल तर हा उद्योग करू नका. दोन-चार अंश वर गेलं की साल भाजते आणि फळ डागाळतं.

नेताना: भोकं असलेला खोका, तळाला पेंढा, दोनच थर. गाडीच्या डिकीत बंद करून दुपारी उन्हात उभी केलीत तर ठाण्याला आंबे नाही, उकड पोचेल.

पाटाचं पाणी

दुसरं झाड तोडू नका! ते नर आहे. रातांब्यात नर-मादी झाडं वेगवेगळी असतात. बियांपासून आलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कळत नाही. तुमची मादी लगडते त्यात या शेजाऱ्याचा वाटा असणार. फार पसरला असेल तर फांद्या उतरवा, बुंधा राहू द्या.

मोकळ्या जागेत आणखी लावायची असतील तर कलमंच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची दोन वाणं आहेत: 1997 सालची कोकण अमृता आणि 2006 सालची कोकण हातिस. अमृता लवकर तयार होते, पावसाच्या आधी फळं हाती येतात, त्यामुळे आमसुलं करणाऱ्यानं तीच घ्यावी. हातिसचं फळ मोठं, जाड सालीचं. कलम घेताना शेंडा सरळ वर जातोय ना ते बघा. आडव्या फांदीची काडी बांधलेली असेल तर झाड वर्षानुवर्षं जमिनीवर लोळत राहतं.

आत्ताचं काम म्हणजे खड्डे. 60 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल, दोन खड्ड्यांत 6 मीटर. जांभ्यात पहार लागेल. महिनाअखेरपर्यंत उन्हात उघडे तापू द्या, मग चांगली माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पावसात माती बसते. लावणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, गावात जो कोणी असेल त्याच्याकडून. कलमाच्या जोडाखाली फुटलेले धुमारे खुडायला त्याला बजावून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी कलम मेलेलं आणि खालचं रायवळ (बियांपासूनचं खुंट) जोरात, असं होतं.

माडांना रोज थोडं पाणी शिंपडू नका, वरच्या वर सुकतं. बुंध्यापासून पावणेदोन मीटरपर्यंत आळं करा, दर चौथ्या दिवशी एका माडाला दीडशे-दोनशे लिटर. अर्धा तास पंप म्हणजे रोज एक माड, चार दिवसांत फेरी पूर्ण. आळ्यात नारळाची सोडणं (काथ्याची सालं) पसरा, पाठ वर करून. जमिनीत पुरायची असतील तर मात्र वाटी वर, म्हणजे त्यात पाणी धरतं. या दोन गोष्टी लोक हमखास उलट करतात.

भाजीपाला मेमध्ये नव्यानं लावू नका, पाणी पुरणार नाही. पडवळ, शिराळी, काकडी, भोपळा यांची आळी भाजावळीची (शेत भाजल्यावरची) राख आणि शेणखत घालून तयार ठेवा आणि मांडवाचे खांब आत्ताच रोवा. बिया 25 मेच्या सुमारास, रोहिणी लागली की टोचा. एका आळ्यात चार, उगवल्यावर दोन ठेवा.

मु.पो. ठाणे

नर झाड वाचलं! दोन शंका. मागे एकदा आणलेल्या आगळावर पांढरी साय आली होती, ते फेकावं का? आणि रातांब्याच्या बियांचं काय करतात?

आंबटशौकीन

पांढरी पातळ साय म्हणजे मीठ कमी पडलं किंवा ओली पळी गेली. कोकणात बरेचजण साय काढून तेच वापरतात. माझं मत, वासात दारूसारखा उग्रपणा किंवा वर रंगीत लव दिसली तर सरळ ओता. पुढच्या वेळी सोळा टक्क्यांच्या खाली उतरू नका, सालं धुतल्यावर पुसा आणि बाटली गळ्यापर्यंत भरा. सोलकढी फुटते त्याचाही आगळाशी संबंध आहे: नारळाचं दूध आणि मिरची-लसूण आधी कालवून आगळ शेवटी, थोडं थोडं. कढी गॅसवर चढवायची नाही. आगळात मीठ आहेच, वरून घालण्याआधी चाखा.

बिया राखेत चोळून धुवा, पाच-सहा दिवस कडकडीत वाळवा. फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल गार झालं की थिजतं. त्याचे गोळे वळतात. तेच मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावतात. दोन झाडांच्या बियांसाठी सोळा दिवसांत हा व्याप नको, वाळवून ठेवा, पावसात करा.

जंगलजेटी

फिरण्याचं: आमसुलांची पुटं सकाळ-संध्याकाळ असतात, म्हणजे 13 ते 20 घर सोडता येणार नाही. दुपारच्या फेऱ्या तेवढ्या. हेदवीचा दशभुज गणेश आणि बामणघळ (कातळातली चीर, भरतीला तिथे पाणी उसळतं) यासाठी भरतीची वेळ गाठा. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घळीच्या काठावर उतरू नका, शेवाळ असतं आणि लाट मागून येते. वेळणेश्वर त्याच वाटेवर. अंजनवेलचा गोपाळगड संध्याकाळी, कातळ दुपारी पाय भाजतो.

एक पूर्ण दिवस 21-22 ला दापोलीसाठी ठेवा. धोपावे ते दाभोळ जंगलजेटीनं (गाड्या नेणाऱ्या बोटीनं) गाडीसकट खाडी ओलांडा, चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमं आहेत का ते आधी फोन करून विचारा. येताना कलमं गाडीत झाकून आणा, वाऱ्यानं पानं करपतात. दक्षिणेला जायचं तर तवसाळ ते जयगड अशीच जेटी, पुढे गणपतीपुळे. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर उतरतानाच विचारून घ्या.

मासे खाणार असाल तर बरं: यांत्रिक होड्यांची बंदी 1 जूनपासून, तुमच्या मुक्कामात बाजार चालू आहे. शाकाहारी असाल तर बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) फणस मिळवा आणि सांदणं (वाफवलेल्या गोड इडल्या) करा. एक वाटी तांदळाचा जाडसर रवा कोरडा भाजून, त्यात दीड वाटी गाळलेला रस, पाऊण वाटी गूळ, चिमूट मीठ. अर्धा तास मुरवून वाफेवर वीस मिनिटं. कापा फणस यात चालत नाही, त्याला रसच नाही. हाताला आणि विळीला आधी खोबरेल लावा.

मु.पो. ठाणे

भरतीचा हिशोब लिहून घेतला. मग क्रम असा: 13 ला रातांबे, 15 ला पहिली तोड, 21 ला दापोली, 23 ला दुसरी तोड, 25 ला बिया. खड्डे मधल्या दिवसांत सकाळी. पहार गावात कुणाकडे मिळते का बघतो.

झेलेकरी

पहारीबरोबर झेल्याचं पातंही आधी तपासा, बोथट असलं की देठ कापत नाही, ओढतं.