श्वानांचं दुखणं, घरगुती उपाय आणि खाणंपिणं : तुमचा अनुभव लिहा

कर्वेनगर

गेल्या आषाढात एकदा पहाटेपासून चिकूला पातळ शी होऊ लागली. चिकू आमचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा, वजन १८ किलो. आदल्या रात्री पाहुण्यांनी लाडाने त्याला मटणाची चरबी चारली होती, त्यामुळे कारण उघड होतं. सकाळचं खाणं बंद ठेवलं, पाणी मात्र थोडं थोडं देत राहिले. संध्याकाळी आसट भात, त्यात कातडी आणि हाडं काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन आणि दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा. मीठ नाही, फोडणी नाही. एकदम वाडगाभर न देता दिवसातून चार वेळा थोडं थोडं. तिसऱ्या दिवशी शी बांधून आली.

भाद्रपदात त्याने खाणं सोडलं. मला वाटलं, पुन्हा पोटच बिघडलंय. तोच भात, तोच भोपळा पुढे करत राहिले. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी सहज त्याचा ओठ वर करून पाहिला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं, प्लेटलेट ३८ हजार. गोचीड ताप निघाला. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नव्हती, म्हणून आधी हाताने चार घास भरवायचे आणि मग गोळी. चिकू वाचला, पण भात-भोपळ्यात घालवलेले ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

म्हणून हा धागा. घरचे उपाय आपण सगळेच करतो आणि त्यातले बरेच गुणकारीही आहेत. पण ऐकताना फक्त उपाय कानावर येतो. कुत्रा किती किलोचा, नेमकं काय होत होतं, किती दिवस वाट पाहिली, हे कुणी सांगत नाही. तेवढं सविस्तर लिहा. उपाय फसला असेल तर तेही लिहा, त्याची गरज जास्त आहे.

पाषाण

चांगला विषय. आम्ही रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो, त्यामुळे गोचिडांशी आमचा कायमचा सामना. पहिल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी सांगितलं म्हणून खोबरेल तेलात कापूर विरघळवून ब्रूनोला अंगभर चोळला. कुत्रा अंग चाटणारच, हे लक्षातच आलं नाही. तासाभरात लाळ गळायला लागली आणि मागचे पाय थरथरायला लागले. अंग शाम्पूने दोनदा धुतलं आणि तसंच ओलं घेऊन दवाखाना गाठला. कापूर पोटात गेला की झटके येऊ शकतात आणि तो कातडीतूनही आत जातो, हे तिथे कळलं. आमच्या डॉक्टरांनी टी ट्री तेलालाही सक्त मनाई केली आहे.

कडुनिंबाच्या पाल्याचं गार केलेलं पाणी आम्ही वापरतो. त्याने खाज कमी झाल्यासारखी वाटते, पण गोचिडी जागच्या हलत नाहीत. खरा फरक पडला तो घर आवरल्यावर. ही तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन फुगली की खाली उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत, चौकटीच्या मागे हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरातच असतात. आम्ही बाल्कनीतल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, त्याची गादी दर रविवारी कडक पाण्यात धुतो आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळच्या वेळी देतो. टेकडीवरून आलं की कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवायचा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकायची. रॉकेल लावू नका, नखाने चिरडू नका.

सदाशिव पेठ

आमचं घर पूर्ण शाकाहारी. पाच वर्षांपूर्वी नातवाने पावसात भिजलेलं पिल्लू उचलून आणलं, तिचं नाव मनी. घरात जे होतं ते दिलं, दूध-पोळी. आमच्या लहानपणी वाड्यातली सगळी कुत्री त्यावरच वाढली, अशी माझी पक्की समजूत. मनी चार महिन्यांची झाली तरी पोट टम्म आणि पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. चालताना ती एकेक पाय उचलून धरायची. मी तेल लावून मालिश करायचे, उन्हात बसवायचे. माणसाच्या बाळाला मुडदूस झाला की करतात ना, तसं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी नीट समजावलं. वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर आणि ठरावीक प्रमाणात लागतं, ते पोळीतून मिळत नाही. शिवाय बऱ्याच कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, म्हणून ती सारखी पातळ शी. आणि आमटीतला लसूण, भाजीतला कांदा तर विषच. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवून वाटला तरीही.

मग मी गच्चीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं ठेवलं. सोवळं-ओवळं माझं मी पाहते, पण मुक्या जिवाला माझ्या नेमात का बांधायचं? रोज एक उकडलेलं अंडं, पिल्लांचा कोरडा आहार आणि डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं कॅल्शियम. मनाने कॅल्शियम पाजू नका, जास्त झालं तरी हाडं बिघडतात. मनीचे पाय बरेच सरळ झाले, डावा अजून किंचित बाकदार आहे. गच्चीचा जिना मात्र ती माझ्या आधी चढते.

कर्वेनगर

काकू, गच्चीतली शेगडी वाचून डोळे भरून आले. कॅल्शियमचं सांगितलंत ते फार बरं केलंत. मीही चिकूला मनानेच टॉनिक सुरू करणार होते.

सिंहगड रोड

आमचं थोडक्यात. पावसाळ्यात खडकवासल्याला गेलो, कणसं खाल्ली. दाणे खाऊन राहिलेलं बुरकुंड टायगरने पळवलं आणि दोन तुकडे करून गिळलं. दोन दिवस उलट्या. आम्ही इसबगोल देत होतो, एरंडेल द्यायचा विचार चालला होता. आतडं तुंबलेलं होतं. सोनोग्राफीत कळलं, ऑपरेशन करून तुकडा काढला. बुरकुंड कुत्र्याला पचत नाही. आंब्याच्या कोयीचंही तेच. उलट्या होत असताना आणि शी बंद असताना जुलाबाचं काहीही देऊ नका.

हडपसर

लिहू की नको असं चाललं होतं. आमची राणी, आठ वर्षांची पॉमेरेनियन. गेल्या वर्षी चैत्रात हीटवर, म्हणजे माजावर येऊन गेली. त्यानंतर साधारण महिन्याभराने ती खूप पाणी प्यायला लागली. ऊन मी म्हणत होतं, आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. पोटात थंडावा म्हणून धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. जेवण कमी झालं तर म्हटलं, उन्हाळ्यात आपल्यालाही जात नाही. मागची जागा ती सारखी चाटत होती, तेही स्वच्छतेचं वाटलं. आठवड्याने ती उठेचना. गर्भाशयात पू भरला होता. रात्री ऑपरेशन झालं, पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. पहाटे गेली.

नसबंदी न केलेल्या मादीला हा आजार कधीही होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा हीटनंतरच्या एक-दोन महिन्यांतच होतो. खूप पाणी, कमी जेवण, मागून घाण जाणं. कधी कधी बाहेर काहीच दिसत नाही, तेव्हा तर जास्त धोका. यावर घरात काहीही उपाय नाही. तुमच्याकडे मादी असेल आणि पिल्लं नको असतील, तर नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून घ्या. राणीच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर.

वारजे

हडपसरच्या ताई, लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मी नऊ वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. राणीसारख्या मुली आमच्याकडे दरवर्षी येतात आणि जवळजवळ प्रत्येकीला आधी घरी थंडावा दिलेला असतो. तुमची चूक नाही हो.

टेबलाशी उभं राहून जे रोज दिसतं ते सांगतो. लोक नाकाला हात लावून ताप ठरवतात. नाक उन्हातून आल्यावरही गरम होतं आणि ताप असतानाही गार राहू शकतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, माणसापेक्षा जास्त. एक डिजिटल थर्मामीटर फक्त त्याच्यासाठी ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हलकेच घालायचा. आणि ताप दिसला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. त्या गोळ्यांनी लिव्हर, किडन्या, जठर खराब झालेली कुत्री मी पाहिली आहेत. दिलेल्या प्रत्येकाने ती मायेनेच दिली होती.

दिवाळीत आमच्याकडे गर्दी वाढते. फटाके हे एक कारण, फराळ दुसरं. लाडवावरचा बेदाणा, चिवड्यातल्या मनुका. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याच्या किडन्या बंद पडू शकतात. कुणाला किती बाधतील याचा नेम नाही, म्हणून एकही नको. खाल्लेलं कळलं की लक्षणं दिसायची वाट न पाहता लगेच आणा. पहिल्या दोन तासांत उलटी करवता आली तर बरंच टळतं. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, मीठच अंगावर येतं.

कोथरूड

आमचं कानाचं. दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळलं की कुसळं धरतात. सिंबा टेकडीवरून उतरला तोच मान एका बाजूला धरून, डोकं झाडत. मी लसणाशिवायचं कोमट तेल कानात सोडलं, आमच्याकडे माणसांना सोडतात तसं. रात्रभर कुत्रा विव्हळत होता. सकाळी डॉक्टरांनी बारीक चिमट्याने पडद्याजवळून कुसळ काढलं. बोटभर लांब, टोकाला बाणासारखे उलटे केस. म्हणून ते आत आतच सरकतं, मागे येत नाही. पडदा फाटलाय की नाही हे माहीत नसताना कानात काही सोडायचं नसतं. आता कार्तिक ते पौष आम्ही डांबरी रस्त्यानेच फिरतो. परत आल्यावर पंजे कोमट पाण्यात बुडवून बोटांच्या मधलं बघतो, तिथेही कुसळ शिरून गळू होतं.

धनकवडी

मी गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालतो. दोन वर्षांपूर्वी एका कुत्रीची पाच पिल्लं, दोन महिन्यांची. एकाला उलटी आणि रक्ताची शी सुरू झाली. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. मी ताक आणि ओआरएस पाजत राहिलो, पाजलेलं सगळं ते उलटून टाकत होतं. दुसऱ्या दिवशी उरलेली चारही आजारी. पार्व्हो होता. सलाईनवर ठेवूनही दोनच वाचली.

त्या जागेवर मी रोज फिनेल टाकत होतो. पार्व्होचा विषाणू फिनेलला दाद देत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने टिकतो. डॉक्टरांनी ब्लीच सांगितलं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग धुवायचं. आता पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली की लस सुरू करतो आणि सोळा आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. पकडून नेणं जिकिरीचं असतं, पण जमवतो. पिल्लाला उलटी आणि जुलाब एकत्र असतील तर उपास घालू नका, एक रात्रही थांबू नका.

एरंडवणे

इतकं सगळं वाचून आमचं दुखणं साधं वाटतंय, तरी लिहितो. शेरू लॅब्रॅडॉर, अकरा वर्षांचा, वजन ३९ किलो. मागचे सांधे धरले होते. नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे आणि बसला की उठताना तो माझ्याकडे बघायचा. मी हळद सुरू केली, मिरपूड आणि तेलासकट. तीन महिने दिली, मला फरक दिसला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, आधी वजन उतरवा, औषध त्यानंतर. आम्ही खाण्याची वही घातली. दोन वेळच्या जेवणात काहीच खोट नव्हती. पण माझ्या चहाबरोबर चार बिस्किटं, हिच्या पोळ्यांबरोबर एक तूप लावलेली पोळी, मुलाच्या ऑम्लेटचा कोपरा, कामाच्या मावशींकडून टोस्ट. प्रत्येकजण एकच तर देत होता! बिस्किटांच्या जागी काकडी आणि गाजराचे तुकडे आले, जेवणातला भात निम्मा करून त्यात उकडलेला दुधी आणि फरसबी आली, चिकन तेवढंच ठेवलं. त्याच्या पलंगापासून दारापर्यंत जुने योगा मॅट अंथरले, पंजाखालचे केस कापले. आठ महिन्यांत ३३ किलो. गोळी अजून आहे, पण थंडीतच लागते.

काल संध्याकाळी मी चहा घेऊन बसलो. शेरू मॅटवरून चालत आला, गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि बशीकडे बघत बसला. मी गाजराचा तुकडा दिला, तो त्याने कचाकचा खाल्ला. मग बिस्किटाचा डबा जिथे असायचा त्या कपाटापाशी जाऊन, शेपटी हलवत, स्वतःच्या पायांवर ताठ उभा राहिला.