मांजराची भीती खरी वाटते, हिरोची का नाही?

तिसरी रांग:
गेल्या काही महिन्यांत मारधाडपट, साय-फाय आणि ॲनिमेशनपट बरेच बघून झाले. थोडे थिएटरात, बाकीचे घरी. माझं मत असं झालंय की जिवाची भीती पडद्यावर आणायचं काम सध्या ॲनिमेशनवाले जास्त चांगलं करतायत. मारधाडपट त्यात कमी पडतायत.

'फ्लो' (२०२४) घ्या. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा सिनेमा. संवाद एकही नाही. सगळीकडे पूर आलाय, माणसांची घरं आहेत पण माणूस कुठेच नाही. एक मांजर वाढत्या पाण्यापासून पळत पळत एका अवाढव्य मांजराच्या पुतळ्यावर चढतं. पाणी वर येत राहतं, मांजर वर सरकत राहतं आणि मग वर सरकायला जागाच उरत नाही. कान मागे दबलेले, डोळे विस्फारलेले. त्या एका मिनिटात मी श्वास रोखून बसलो होतो. ते वाचेल की नाही, याची मला खरोखर काळजी लागली होती.

याउलट मोठ्या मारधाडपटांत हिरो इमारतीवरून पडतो, विमानातून पडतो, कपडे झटकतो आणि पुढच्या देशात जातो. त्याला काही होणार नाही हे आपल्याला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. मग दोनशे गाड्या उडाल्या काय आणि दोन उडाल्या काय? तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी:
अजिबात पटलं नाही. वाईट मारधाडपट आणि उत्तम ॲनिमेशनपट यांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. उत्तम मारधाडपट घ्या की! 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) मी नुकताच पुन्हा पाहिला. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवून केलेलं चित्रीकरण आहे ते. धावत्या गाड्यांवर उंच खांब उभे केलेत, त्यांच्या टोकाला माणसं झुलतायत आणि झुलत झुलत शेजारच्या गाडीवरची माणसं उचलतायत. ती माणसं खरी आहेत, खांब खरे आहेत. संगणकाचं कामही त्यात भरपूर आहे, ते धुळीचं प्रचंड वादळ संगणकाचंच. पण वजन कुठून येतं? त्या झुलणाऱ्या शरीरांतून.

आणि दिग्दर्शक जॉर्ज मिलरची एक गोष्ट बघा. जे महत्त्वाचं आहे ते जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलंय. त्यामुळे कट कितीही भराभर आले तरी डोळा हरवत नाही, कोण कुठे आहे ते कळत राहतं. मार्गारेट सिक्सेलला संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. हिरो मरणार नाही हे मलाही माहीत होतं. तरी हाताला घाम होता.

खिडकीजवळची:
दोघांच्या मध्ये एक सिनेमा राहतोय, 'गॉडझिला मायनस वन' (२०२३). गॉडझिला म्हणजे समुद्रातून येणारा राक्षसी प्राणी. ताकाशी यामाझाकीने लेखन, दिग्दर्शन आणि व्हीएफएक्सची (संगणकावर केलेल्या दृश्यांची) देखरेख तिन्ही केलं. सुमारे ३५ जणांच्या चमूने ६१० व्हीएफएक्स शॉट केले आणि २०२४ मध्ये हॉलिवूडच्या बड्या सिनेमांना मागे टाकून त्यासाठीचं ऑस्कर नेलं. पण मला तो आवडला तो यामुळे नाही.

कथा युद्धात हरलेल्या जपानची. शिकिशिमा हा आत्मघाती हल्ल्यावर धाडलेला वैमानिक. विमान बिघडल्याचं सांगून तो एका बेटावर उतरतो आणि जिवंत राहतो. पुढचा सगळा सिनेमा त्या जिवंत राहण्याच्या ओझ्याचा आहे. युद्धानंतर तो समुद्रातले सुरुंग काढायच्या कामाला लागतो. सुरुंग चुंबकीय, म्हणून बोट लाकडाची. त्या जुनाट, संथ लाकडी बोटीच्या मागे गॉडझिलाचं डोकं पाणी कापत येतं तेव्हा बोटीवर चारच माणसं असतात आणि त्या चौघांना आपण तोवर ओळखू लागलेलो असतो. प्राणी संगणकातला, भीती खरी. म्हणजे तिसरी रांग म्हणतात तसं हे ॲनिमेशनमुळे होत नाही आणि रात्रपाळी म्हणतात तसं खऱ्या स्टंटमुळेही नाही. लिहिणाऱ्याने माणूस उभा केला तर होतं, नाही केला तर नाही.

रात्रपाळी:
माणूस उभा केला पाहिजे हे कबूल. पण तो लाकडी बोटीचा भाग खऱ्या समुद्रावर, खऱ्या बोटीत चित्रित केलाय हेही लक्षात घ्या. नट खरेच हेलकावे खातायत. स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर बोट हलवून ते आलं असतं? मला नाही वाटत.

फ्रेम मोजणारा:
मी 'फ्लो'वर बोलतो, कारण त्याचं कौतुक जरा जास्तच चाललंय. पाणी अप्रतिम आहे, वाद नाही. पण प्राण्यांच्या अंगावर केसांऐवजी रंगाचे ठिपके दिसतात. मांजरासोबतचा कुत्रा तर कित्येक ठिकाणी अर्धवट राहिल्यासारखा वाटतो. कॅमेरा सतत मागे मागे फिरतो, व्हिडिओ गेम खेळताना फिरतो तसा. शेवटाकडे मांजरासोबतचा तो पक्षी आकाशात जातो, त्याचा अर्थ काढायचं काम प्रेक्षकावर टाकून दिलंय. त्याच वर्षीचा 'द वाइल्ड रोबो' मला कितीतरी उजवा वाटला. रोझ नावाची यंत्रमानव बाई जंगलात येऊन पडते, तिच्या हातून हंसाचं घरटं चिरडतं आणि वाचलेलं एक पिल्लू तिच्यामागे लागतं. पिल्लाला खायला, पोहायला आणि उडायला शिकवायचं, एवढंच तिचं काम. जंगल हाताने रंगवल्यासारखं केलंय, आणि इथे ते अर्धवट वाटत नाही.

तिसरी रांग:
'वाइल्ड रोबो'चा पहिला अर्धा भाग मलाही फार आवडला. पण पिल्लू उडून गेल्यावर त्यात काय आलं? पुन्हा यंत्रमानव, पुन्हा मोठी लढाई, पुन्हा आग. म्हणजे ज्या मारधाडपटांबद्दल मी तक्रार करतोय, त्यांचंच शेपूट जोडलं. रोझ पिल्लाला उडायला शिकवायला त्याच्यासोबत धावते, त्या दृश्यासमोर ती लढाई अगदी फिकी पडते.

'फ्लो' ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय, चमू छोटा होता. कुत्र्याच्या अंगावर ठिपके दिसतात, मान्य. पण तो कुत्रा कुत्र्यासारखा वागतो! मांजर मांजरासारखं वागतं, उडणाऱ्या कवडशामागे धावतं, अंग चाटत बसतं. कोणी माणसासारखं बोलत नाही की विनोद मारत नाही. आवाजसुद्धा खऱ्या प्राण्यांचे रेकॉर्ड केलेत. त्यातला कॅपिबारा म्हणजे घुशीसारखा दिसणारा मोठा प्राणी. त्याचा खरा आवाज त्याच्या स्वभावाला फार किरटा वाटला, म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला. इतकी काळजी घेणाऱ्याला दोन ठिपके माफ.

सांगलीकर लेक:
एक वेगळी गोष्ट सांगते. माझ्या आईला इंग्रजी येत नाही आणि डब केलेल्या सिनेमांतली हिंदी तिला परकी वाटते. सबटायटल वाचेपर्यंत चित्र निघून जातं. त्यामुळे आम्ही दोघी मिळून परदेशी सिनेमा कधी बघायचोच नाही. 'फ्लो' बघितला. आई पूर्ण वेळ बोलत होती. पाणी चढताना म्हणाली, "अगं, वर चढ की बाई, वर चढ." २०१९ ला आमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी आलं होतं, शेजाऱ्यांची मांजरं पत्र्यावर बसलेली तिनं बघितलीत. लेमूर (माकडासारखा प्राणी) आपला आरसा आणि बाटल्या टोपलीत भरून घेतो, ते बघून ती गप्प झाली. घर सोडताना माणसं काय काय उचलतात, ते तिला आठवलं असणार. तेव्हा अर्थ प्रेक्षकावर टाकून दिलाय म्हणून ज्यांची तक्रार आहे त्यांना सांगते, आमच्या आईने तो अर्थ बरोबर झेलला.

फ्रेम मोजणारा:
तुमच्या आईंचा अनुभव वाचून फार बरं वाटलं, त्यावर मी काय बोलणार. तरी ॲनिमेशन म्हणून माझी कसोटी 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) आहे. त्यात नव्याने स्पायडर-मॅन झालेला माइल्स नवखा असताना त्याची हालचाल मुद्दाम दर दोन फ्रेमना बदलते, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. शेजारी उडणारा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर मात्र चोवीसवर. एकाच शॉटमध्ये एक अडखळतो, एक सरकतो. माइल्सला जमायला लागतं तशी त्याची चालही सफाईदार होते. प्रेक्षकाला आकडे कळत नाहीत, पण पोरगा अजून कच्चा आहे हे अंगात उतरतं. हे फक्त ॲनिमेशनच करू शकतं, आणि तुम्ही ज्याला भीती म्हणता तिची मुळं मला अशा कामात दिसतात.

पॅसेंजर:
सगळे परदेशी चाललंय म्हणून आपल्याकडचा एक. निखिल नागेश भट यांचा 'किल', २०२४ मध्ये थिएटरात आलेला. दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत दरोडेखोर शिरतात, एक कमांडो त्यांच्याशी लढतो. बस्स. मारामारी सगळी डब्यातल्या त्या अरुंद वाटेत, जिथे आपण बॅगसुद्धा आडवी करून नेतो. हात मागे घ्यायला जागा नाही, म्हणून प्रत्येक फटका जवळचा आणि घाणेरडा. आणि दरोडेखोर एकमेकांचे भाऊ, काका, पुतणे आहेत. त्यांच्यातला कोणी मेला की ते रडतात. मारधाडपटात खलनायकाच्या माणसांचं मरण कोण मोजतं? इथे मोजलंय. रक्त फार आहे, लहान मुलांना दाखवू नका. पण तिसरी रांग, हा बघा आणि मग बोला.

तिसरी रांग:
'किल' पाहिलाय आणि तो मला आवडलाय. त्या रडण्याचा तुमचा मुद्दा अगदी बरोबर. पण तो सिनेमा चालतो कारण डबा लहान आहे आणि मेलेला माणूस कोणाचा तरी आहे. मोठ्या बजेटवाल्यांनी हेच सोडून दिलंय, माझी तक्रार तीच आहे. शहरच्या शहर कोसळतं आणि कोणाच्या घरी सुतक नाही.

रात्रपाळी:
तक्रार लेखकांवर करा, स्टंटवाल्यांवर नको. ही माणसं चेहरा न दाखवता हाडं मोडून घेतात आणि त्यांच्यासाठी ऑस्करमध्ये आजवर साधी वर्गवारी नव्हती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ च्या एप्रिलमध्ये ती जाहीर केली, तीही २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून. म्हणजे 'फ्युरी रोड'च्या त्या खांबांवरच्या मंडळींना कधीच नाही. तुम्ही मांजरासाठी श्वास रोखलात, छान. मी त्यांच्यासाठी रोखतो, कारण खांब निसटला असता तर दुसरा टेक नव्हता.