चुन्याच्या पंपाची स्लीव्ह सिरॅमिकची करावी का?

चाळणवाला
साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मिल्क ऑफ लाइमच्या (चुन्याच्या दाट पाण्याच्या) पंपाची शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर चढवलेली नळी, हंगामात तीन-चारदा बदलतो. हार्डफेस केलेली (वर कठीण थर चढवलेली) एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची आहे, तरी गळती अडवणाऱ्या ग्लँडच्या दोरीखाली नख अडकेल एवढे चर पडतात. शाफ्ट ५० मिमी, चुना साधारण ६० अंशांवर. सिरॅमिकची दोन कोटेशनं आलीत: ॲल्युमिना, आणि बऱ्याच चढ्या भावात झिर्कोनिया. महागडी घेऊ का?

भट्टीकर
ॲल्युमिनाच घ्या, पण ९९.५ टक्क्यांची. ९२-९५ वालीत काचेचा अंश जास्त असतो, चुन्यासारखी अल्कली आधी तोच खाते. झिर्कोनिया चिवट आहे खरी. दणके बसणारा पार्ट असता तर तीच सांगितली असती. तुमचं दुखणं झिजेचं आहे.

मात्र एसएसचं ड्रॉइंग आहे तसं पाठवू नका. कीवे (चावी बसायची खाच) काढून टाका, आतले काटकोनही काढून टाका, तडा तिथूनच जातो. त्याऐवजी टोकाला गोलसर खाच आणि तीत पिन. प्रेस फिट (दाबून घट्ट बसवणं) तर अजिबात नको. तापल्यावर स्टील जास्त फुगतं, आणि सिरॅमिक दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. हलका स्लाइड फिट (हातानं सरकेल असा), आत ओ-रिंग (रबरी कडी), बस.

टॉलरन्स (मापातली सूट) फक्त दोरी बसते तिथेच कडक मागा. कच्चा पार्ट खडूसारखा असतो, लेथवर आरामात टर्न होतो. १६०० अंशांच्या आसपास भाजला की १५ ते २० टक्के आकसतो, मग हिऱ्याच्या व्हीलशिवाय त्याला काही लागत नाही. पैसा त्या ग्राइंडिंगचा.

फिटरमामा
आधी ग्लँडच्या दोरीला गार ठेवणारं पाणी बघा राव. आमच्याकडे कोरी स्लीव्ह आठव्या दिवशी दोन तुकडे! पाणी बंद राहिलेलं, दोरी धुरायला लागली, पोरानं घाबरून व्हॉल्व्ह भसकन उघडला. तापलेल्या ॲल्युमिनावर गार पाणी म्हणजे खेळ खलास. आणि तुमच्यात हातोडीनं ठोकून बसवणारा कुणी असेल, तर त्या दिवशी त्याला सुट्टी द्या.

चाळणवाला
ठोकणारा मीच आहे 😄 कीवे काढून नवं ड्रॉइंग करतो. आधी स्टँडबाय पंपावर एकच बसवून बघू?

फिटरमामा
स्टँडबाय चालतो कुठे? त्यावर काय कळणार! चालू पंपावर लावा, एसएसची स्टँडबायला ठेवा.

भट्टीकर
माल आला की लाल डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) लावा, थोडं थांबून पुसा. तडा असला तर पांढऱ्यावर लाल रेघ राहते. तसा पीस तिथल्या तिथे परत पाठवा, बसवल्यावर कुणी ऐकत नाही.